दुसरी हाक

१३ जून १९९८

पोचले एकदाची. नगरहून कल्याणची एसटी धरली, घाट उतरून मुरबाडला पायउतार झाले आणि तिथून शहापूरकडे जाणारी जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर माझी वळकटी आणि वळकटीवर कुणाची तरी कोंबडी. कोंबडी कुणाची म्हणून विचारलं तर सगळेच हसले, मालक काही पुढे आला नाही.

लहानपणी आमच्या चर्चच्या मंडळीत एक गोऱ्या मिसबाई आफ्रिकेतल्या मिशनशाळांची चित्रं पडद्यावर दाखवायच्या. तेव्हापासून डोक्यात होतं की प्रमिला उजागरे एक दिवस समुद्र ओलांडून सेवेला जाणार. गेले कुठे, तर घाटाखाली. पाळकसाहेबांनी मात्र निरोपाच्या उपासनेत असं काही भाषण ठोकलं की मागच्या बाकावरच्या म्हातारीने विचारलं, "बोटीने जाणार का गं?" म्हटलं, "नाही आजी, लाल डब्याने."

पण खरं सांगायचं तर हा परदेशच आहे. हवा ओली, भाकरी नागलीची, भाषा मराठीच पण अर्धी डोक्यावरून जाते. शाळा सातवीपर्यंत, शेजारी मुलींचं बोर्डिंग, आणि त्या बोर्डिंगची मी नवी बाई. हेडमास्तर भांबळ सर आमच्याच बाजूचे. म्हणाले, "रुजाल हळूहळू." आवारात शाळा काढणाऱ्या विलायती मिसबाईंची कबर आहे आणि तिच्याजवळ खांबावर घंटा. घंटेच्या आतला लोलक तुटून पडलाय, त्यामुळे ती नुसती शोभेची. मागे जमीन उतरत उतरत धरणाच्या पाण्यापर्यंत जाते. पाणी मुंबईला आणि आम्ही आपले विहिरीवर, पण ते असो.

खोली बरी आहे. एक खिडकी पाण्याकडे उघडते. ती आज लावूनच घेतली.

या वहीत "त्या" विषयावर काही लिहायचं नाही असं ठरवलंय. नवीन जागा, नवीन वही. बस्स.

१५ जून

पोरी आल्या. पत्र्याच्या पेट्या, तेलाने चापून बसवलेल्या वेण्या, आणि रडारड. दुपारपर्यंत रडणाऱ्या पोरी संध्याकाळी फुगड्या घालत होत्या. मी मात्र दमून गेले.

भागी नावाच्या पोरीला तिची आजी घेऊन आली. पोर चौथीत, हाडं काय ती मोजून घ्यावीत, पण डोळे असे की समोरच्याची परीक्षाच घेतात. आजीचं नाव बाईजा. ती काही खाली बसेना. उभ्याउभ्याच म्हणाली, "बाई, पोर तुमच्या पदरात टाकते. शिकूदे. पर एक आयका. दिवेलागणीला कोनी हाक मारली तं पयल्या हाकेला हिला ओ देऊ देऊ नका."

"का बरं?"

"हिची आय त्या पान्यात गेली. जळान आनाया पल्याड गेली होती, तराफा उलटला. तिची हाक येते पोरीला. बाळे, बाळे म्हनायची ती हिला. तुमी नका त्या नावाने हाक मारू."

मी म्हटलं, नाही मारणार. त्या बाबतीत म्हातारीने निश्चिंत राहावं.

पहिल्या हाकेचंही "बरं" म्हणून टाकलं. पोर सोडून जाणाऱ्या म्हातारीशी वाद कुठे घालत बसायचा?

२० जून

कर्म माझं! संध्याकाळच्या प्रार्थनेआधी व्हरांड्यात उभी राहून एकेकीचं नाव घेतलं. "संजीवनी!" गप्प. "अंजू!" गप्प. "रुपा!" रुपा माझ्यापासून चार हातांवर उभी, माझ्याकडेच बघतेय आणि तोंडातून अक्षर नाही. मला वाटलं, ठरवून चाललंय, नव्या बाईची टिंगल. पुन्हा ओरडले, "रुपा!" तर लगेच "ओ बाई!" अगदी शहाण्यासारखं.

सगळ्यांचं तसंच. पहिल्या हाकेला मख्ख, दुसरीला ओ. घसा बसला माझा.

स्वयंपाकघरात जाऊन पारूपुढे आदळआपट केली. पारू इथली स्वयंपाकीण, याच गावची. भाताची पेज गाळता गाळता ती हसायला लागली. "बाई, पोरी मस्ती नाय करत. अंधार पडाया लागला का आमच्यात पयल्या हाकेला कोनी ओ नाय देत. मेलेलं मानूस एकदाच हाक मारतं. त्याला दुसरी हाक येत नाय. जित्तं असंल ते मारील ना परत!"

"आणि ओ दिली तर?"

"मंग त्याला वाट गावते."

"आणि आधीच्या बाई काय करायच्या?"

"त्या कुठं हाका मारायच्या? घंटा वाजवायच्या. घंटा कोनाचं नाव घेत नाय."

शाळा काढून इतकी वर्षं झाली, आणि हे असं! आधीच्यांनी घंटेमागे लपून वेळ मारून नेली. मी नाही नेणार.

२७ जून

आज पोरींना पवित्र शास्त्रातली गोष्ट सांगितली. देवळात सेवा करणारा पोरगा, अंथरुणावर पडलाय, आणि देव त्याला नावाने हाक मारतो. पोरगा पहिल्याच हाकेला उठून धावत सुटतो. "बघा," म्हटलं, "तो म्हणाला का, थांबा, दुसरी हाक येऊ द्या? हाक आली की ओ द्यायची. भिते कोण? ज्याचा देवावर भरवसा नाही तो."

भागीने हात वर केला. "बाई, देवाने त्याला किती येळा हाक मारली?"

खोटं कसं बोलणार? "पुन्हा पुन्हा मारली."

"मंग तो देवच. आमी पन तेच म्हनतो."

सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. मलाही हसू आलं, पण दाखवलं नाही. नियम सांगून टाकला. उद्यापासून पहिल्या हाकेला ओ. जी देणार नाही ती सगळ्यांचं जेवण होईपर्यंत उभी.

४ जुलै

भागी रोज उभी राहते. बाकीच्या हळूहळू वळल्या. ही उभी राहते, रडत नाही, माझ्याकडे बघते. पारूचं तोंड फुगलंय, आमटीत मीठ विसरते. मुद्दामच विसरत असणार.

११ जुलै

आज भागीला जवळ बसवलं. वेणी घालून दिली. केस मऊ आहेत, हातातून निसटतात. किती दिवसांनी वेणी घातली मी कुणाची. बोटं विसरलेली नाहीत.

म्हटलं, "तू का नाही ओ देत? मीच तर हाक मारते ना, समोर उभी राहून?"

"दिसतंय तवर ठीक हाय. पर सवय लागली तं? मंग नाय दिसलं कोन तरी मी ओ देनार."

पोर चौथीतली आहे! पण मीही मास्तराची मुलगी. म्हटलं, "चल, सौदा करू. तू माझ्या पहिल्या हाकेला ओ दे, मी तुझ्या पहिल्या हाकेला देईन. दिवस असो, रात्र असो, कुठेही असेन. तू एकदा हाक मारायचीस, पुन्हा मारायची नाही. मी येणार म्हणजे येणार."

तिने विचारलं, "दुसरी मारायचीच नाय?"

"लागणारच नाही."

संध्याकाळी नाव घेतलं. "भागी!" डोळे घट्ट मिटून म्हणाली, "ओ." सगळ्या पोरींनी टाळ्या पिटल्या. पारू दारात उभी होती, ती आत निघून गेली. मी जिंकले.

९ ऑगस्ट

पोरीने खेळ लावलाय. विहिरीवरून, संडासातून, पेरूच्या झाडावरून "बाई!" म्हणून एक हाक मारते आणि थांबते. मी "ओ!" म्हटलं की खुदकन हसते. काम काही नसतं, नुसती ओ ऐकायची असते. भांबळ सर म्हणाले, "बाई, तुम्हाला शेपूट फुटलं." म्हटलं, असू द्या, माशा तरी हाकलेल.

आता भाताचीही सवय झाली. बाजरीची आठवण येते, पण डोळ्यांत पाणी येत नाही.

३० ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईजा भागीला पोचवायला आली, ती रागाने लाल. पोरीने सुट्टीत तिन्हीसांजेला शेजारणीच्या पहिल्याच हाकेला ओ दिली म्हणे.

"मी सांगितलं होतं तुमाला. हो म्हनलात ना?"

मी माझं सगळं सांगितलं. अंधश्रद्धा, शिक्षण, भिऊन जगणं. म्हातारी ऐकून घेते आणि मग एकच वाक्य बोलते, त्यामुळे आपण एवढं बोललो त्याची लाज वाटते. म्हणाली, "ज्याला एकदा ओ भेटली ते परत परत येतं, बाई."

पोरीला परत न्यायला निघाली होती. भागीच म्हणाली, "मी राहते गो आज्ये. बाई हायेत ना." म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. "हिला काय झालं तं तुमच्यावर." म्हटलं, "माझ्यावर."

लिहून ठेवते. माझ्यावर.

१९ नोव्हेंबर

संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढत होते. पाण्याच्या बाजूने हाक आली. लांबून, त्यामुळे शेवटच तेवढा ऐकू आला, "...ई!" मी सवयीने "ओ!" म्हटलं. वाटलं, भागी. वळून बघते तर भागी व्हरांड्यात पाटी पुसत बसलेली.

"तू हाक मारलीस?"

"नाय बाई."

पलीकडच्या पाड्यावर कुणी कुणाला हाक मारली असेल. पाण्यावरून आवाज कुठला कुठे जातो. "बाई"चा शेवट ऐकू आला असेल. नाहीतर "आई"चा. दोन्हींचा शेवट सारखाच.

मी ओ दिली ते पारूने ऐकलं. तिने माझ्यावरून मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. मी तिला ओरडले. मग ती बाहेर गेल्यावर चुलीपाशी बसून राहिले, मिरच्यांचा ठसका येतो का पाहत. आला नाही. ठसका आला नाही म्हणजे नजर लागलेली असते म्हणे. कसल्या भाकडकथा!

२५ डिसेंबर

नाताळ. पोरींनी गीतं म्हटली, पारूने करंज्या केल्या, भांबळ सरांनी कापसाची दाढी लावली, तर लहान पोरी घाबरून पळाल्या.

संध्याकाळी सगळं आवरल्यावर खोलीत आले. लिहायचं नाही ठरवलं होतं, पण आज लिहिते.

बाळी आज दहा वर्षांची असती. नाताळच्या दिवशीच झाली म्हणून दवाखान्यातल्या सगळ्यांनी पेढ्याऐवजी केक मागितला होता. नाव ग्लोरी ठेवलं, पण ते कोण म्हणतं, घरात आपली बाळी. तिचे वडील ती रांगत असतानाच गेले, मग आम्ही दोघीच. सहा वर्षांची असताना कावीळ झाली. शेवटच्या संध्याकाळी मी दवाखान्याच्या नळावर तांब्या विसळत होते. आतून हाक आली, "आई." एकदाच. मी म्हटलं, आलेच गं, आणि तांब्या विसळून, भरून, मग गेले.

पुन्हा हाक मारली नव्हती तिने.

झालं. लिहिलं. आता ही खिडकी लावून झोपते.

८ जानेवारी १९९९

परत आली. "...ई!" दिवेलागणीला, पाण्याकडून. दोनदा ओ दिली मी या आठवड्यात. ओ दिली की पुढे काहीच होत नाही, त्याचाच त्रास होतो.

आज पारूला सहज म्हणून विचारलं, "दुसरी हाक येईपर्यंत किती थांबायचं असतं गं?" तिने हातातलं काम ठेवलं. "बाई, तुमाला येते का?"

"छे! पोरींना समजावायला विचारते."

"जित्त्या मानसाला धीर नसतो. लगेच मारतं. नाय आली तं गप आपल्या कामाला लागायचं."

बरं म्हटलं. संध्याकाळपुरतं करून बघायला काय हरकत आहे? पोरींना कळायची गरज नाही.

२० जानेवारी

करून बघितलं. हाक आली, तोंड मिटून उभी राहिले. दुसरी आली नाही. मग हलकं वाटलं.

मात्र आज वेणी घालताना भागी म्हणाली, "बाई, काल सांजच्याला मी विहिरीवरून हाक मारली. तुमी ओ नाय दिली."

"ऐकू आली नसेल बाळा."

"मी एकदाच मारली. आपलं ठरलंय तसं."

"मग पुन्हा मारायची ना!" असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. नियम करणारी बाईच भिते, हे पोरींना कळलं की संपलं! म्हटलं, "बरोबर केलंस. एकदाच मारायची." वेणी जरा जास्तच घट्ट बांधली गेली. पोर कळवळली.

२१ फेब्रुवारी

धरणाचं पाणी ओसरतंय. काठाला जुन्या बुडालेल्या झाडांचे खुंट वर आलेत आणि मध्ये नुसता गाळ. वरून वाळून भेगा पडलेल्या दिसतात, पण खाली मऊ. शाळेचा रखवालदार वाळू, त्याने सगळ्यांना बजावलंय, काठाला जायचं नाही, गेल्या साली म्हैस रुतली होती. मी पोरींना दोनदा बजावलं.

मी स्वतः मात्र संध्याकाळी जाते. दगडांच्या बाजूने जाते, गाळात नाही. पोरी अभ्यासाला बसल्या की थोडा वेळ.

आज तिथे कुणी नव्हतं. इतके दिवस तिकडून हाक येते, तर आपणच एकदा मारून बघावी असं वाटलं. "बाळे!" म्हणून मारली. चार वर्षांत हे नाव तोंडातून मोठ्याने निघालं नव्हतं. पाण्यावरून गेलं कुठेतरी. काही आलं नाही परत. पण किती बरं वाटलं! खोलीत येऊन ढसाढसा रडले आणि मग दोन वेळचं जेवले.

४ मार्च

रोज जाते. एकदाच हाक मारते, जास्त नाही. यात कुणाचं काय वाईट होतंय?

भागीचं अभ्यासात लक्ष नाही. संध्याकाळी सारखी खिडकीकडे बघते. विचारलं तर म्हणते, "काय नाय." दोन-तीनदा विचारलं. मग म्हणाली, "बाई, मेलेल्याने हाक मारली आनि त्याच्यावर आपला भरवसा असला, तं ओ द्यायची ना?"

शास्त्राचा तास मनावर घेतलाय पोरीने असं वाटलं. म्हटलं, "भरवसा असला की भ्यायचं कशाला?" आणि वेणीला लाल रिबीन बांधली.

११ मार्च

आजच लिहायला हवं, उद्या मी स्वतःशीच खोटं बोलेन.

काल संध्याकाळी नेहमीसारखी दगडांवर गेले. अंधारून येत होतं. हाक मारली, "बाळे!"

आणि ओ आली.

"ओ!" स्पष्ट, लहान पोरीची, खुंटांच्या पलीकडून. चार वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं, आणि मी काय केलं? पळाले. आई म्हणवते स्वतःला! पदर दगडात अडकून फाटला, चप्पल तिथेच राहिली. निम्मी चढण चढले तोच मागून हाक आली, "...ई!" जोरात. मी थांबले. पाठ फिरवूनच उभी राहिले, तोंडावर हात दाबून. दुसरी येते का, दुसरी येते का. नाही आली. पारूचं वाक्य आठवलं. म्हटलं, गप आपल्या कामाला लागायचं. आणि लागले मी कामाला! तोंड धुतलं, पदर बदलला, व्हरांड्यात जाऊन नावं घ्यायला लागले.

"संजीवनी!" ओ बाई. "अंजू!" ओ बाई. "रुपा!" ओ बाई. "भागी!"

"भागी!"

पाय कसे नेले कळलं नाही. वाळू, पारू, भांबळ सर, कंदील, सगळे मागून. खुंटांच्या पलीकडे पोर गाळात रुतलेली, काखेपर्यंत. हात एका फांदीला, आणि गप्प. रडत नव्हती, ओरडत नव्हती. कंदील तोंडावर आल्यावर म्हणाली, "आलात?"

वाळूने संडासाचं दार काढून गाळावर टाकलं, त्यावर पालथा पडून दोराने ओढून काढली तिला. पारू माझ्याकडे बघून किंचाळत होती, "हाक मारायची ना गो पोरी! बोंबलायचं ना!"

भागीचे दात वाजत होते. "मारली ना. एकदा मारली. बाईंनी ऐकली असंल म्हनून थांबले."

१२ मार्च

भागी शहापूरच्या दवाखान्यात आहे. छातीत कफ आहे, ताप आहे, पाय मुरगळलाय, पण डॉक्टर म्हणाले धोका टळला. देवा बापा, धोका टळला. मी हे पुन्हा पुन्हा लिहीन.

शेजारी बसले होते. ग्लानीतच बोलली, "बाई, आय रोज बोलावते. बाळे म्हनून. परवा मी ओ दिली. भरवसा ठेवला." आणि हसली.

मी बाहेर येऊन व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिले. तिथे एक नळ होता, कुणीतरी तांब्या विसळत होतं.

१४ मार्च

बाईजा येऊन बसलीय. माझ्याशी एक शब्द नाही. मला वाटलं होतं शिव्या देईल, मारेल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरीला घेऊन जाणार, शाळेचं नाव काढायचं नाही, एवढं पारूकरवी कळवलं.

भांबळ सर म्हणतात, अपघात आहे, बाई, मनाला लावून घेऊ नका. त्यांना काय सांगू?

भागीला वाटतंय तिची आई तिला हाका मारते. मी गप्प राहिले तर पोर आयुष्यभर त्या पाण्याकडे कान लावून बसेल, आणि एक दिवस पुन्हा जाईल. सांगितलं तर तिच्या आईचा आवाज मी तिच्याकडून काढून घेणार. बरं, सांगायचं तरी कुणाला काय, की तुमच्या पोरीला पाण्याकडे नेणारं भूत म्हणजे बोर्डिंगची बाई?

२६ मार्च

घंटेला नवा लोलक बसवून आणला मुरबाडहून. आज पहिल्यांदा वाजवली. पोरी चकित झाल्या. रुपाने विचारलं, "बाई, आता ओ नाय द्यायची?" म्हटलं, "घंटेला कोण ओ देतं? नुसतं या." पारूने आमटीत मीठ बेताचं घातलं.

२८ मार्च

आज उपासना झाल्यावर भागीच्या पाड्यावर गेले. चालत. मोहाच्या फुलांचा वास सगळीकडे, बाया टोपल्या भरत होत्या. बाईजाने दारातून मला येताना पाहिलं आणि सूप पाखडत राहिली. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

मी ओट्याखाली बसले. भागी खांबाला टेकून, पायाला पाला बांधलेला. बारीक झालीय. वाटेत खूप काही जुळवून ठेवलं होतं. एकही वाक्य कामाला आलं नाही.

म्हटलं, "भागी, पाण्यावर बाळे म्हणून हाक मारणारी तुझी आई नव्हती. मी होते."

सुपाचा आवाज थांबला.

भागी माझ्याकडे बघत राहिली, तशीच, परीक्षा घेतल्यासारखी. "तुमी मला बाळे म्हनून हाक मारली?"

"तुला नाही. माझी एक मुलगी होती. तिलाही बाळीच म्हणायचे. ती वारली."

"तिला हाक मारत होतात?"

"हो."

"रोज?"

"रोज."

मग तिने विचारलं, "तिनं कधी ओ दिली?"

"नाही," मी म्हटलं. "तू दिलीस."

तिने हाक मारल्यावर मी तोंडावर हात दाबून उभी राहिले होते, तेही सांगितलं, कसंबसं. बाईजाच्या पायाशी वाकले तर तिने पाय मागे घेतले. म्हणाली, "माझ्या पोरीला म्या पन लय हाका मारल्या त्या पान्यावर. कोनाला सांगितलं नाय." आणि पुन्हा पाखडायला लागली, पण हात चालत नव्हता तिचा. थोड्या वेळाने भागीकडे न बघताच म्हणाली, "बाईंना पानी दे."

भागी लंगडत उठली. तिने दिलेलं पाणी प्यायले. शाळेचं मी काही विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं?

निघाले तेव्हा दिवेलागण झाली होती. शेताचा बांध उतरून मोहाच्या झाडापर्यंत आले असेन, मागून हाक आली.

"बाई!"

पाय जागच्या जागी थांबले. तोंड उघडत होतं, मिटलं. मागे वळले नाही. एवढा वेळ कधी कशाची वाट बघितली नव्हती मी, दवाखान्यातसुद्धा नाही.

"बाई गो!"

"ओ!" म्हणून असे ओरडले मी की झाडाखालच्या बाया टोपल्या टाकून बघायला लागल्या. "ओ भागी! ओ!"

"उद्या येऊ ना शालेत?"

दारात बाईजा तिच्या मागे उभी होती. ती नाही म्हणाली नाही.